कपाटांच्या वरची भिंत

ग्रंथालयात चित्रप्रदर्शन भरवायचे ठरले की पहिली अडचण भिंतीचीच येते. बाहेरून भलीमोठी दिसणारी इमारत आतून कपाटांनी, खिडक्यांनी, सूचनाफलकांनी आणि ‘शांतता राखा’ अशा पाट्यांनी इतकी व्यापलेली असते, की चार चित्रे एका ओळीत लागतील असा सलग तुकडा शोधण्यासाठी चित्रकाराला आणि ग्रंथपालांना हातात मोजपट्टी घेऊन सगळी इमारत पालथी घालावी लागते. मग काही चित्रे जिन्याच्या कडेला जातात, काही देवघेवीच्या टेबलामागे, काही वृत्तपत्रांच्या दालनात, आणि उरलेली कपाटांच्या वर, जिथे ती पाहायची तर मान वर करावी लागते. कलादालनात चित्र डोळ्यांच्या उंचीवर आणि दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जागा सोडून लावतात. इथे एखाद्या निसर्गचित्राच्या उजवीकडे ग्रंथालयाच्या वेळांचे पत्रक असते आणि डावीकडे आग विझवण्याचे लाल नळकांडे. मला ही दाटीवाटीची मांडणी मनापासून आवडते. चित्राला असा शेजार मिळाला की ते जरा माणसात येते, असे मला वाटते.

भिंतींचा विषय निघालाच आहे, तर एक जुनी गंमत सांगायला हवी. ब्रिटिश संसदेने १८५० साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तेव्हा त्याच्या पूर्ण नावात ग्रंथालयांच्या जोडीने संग्रहालयांचाही उल्लेख होता. दहा हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांना या कामासाठी मालमत्तेच्या करपात्र किमतीच्या दर पौंडामागे अर्ध्या पेनीपर्यंत कर बसवण्याची मुभा मिळाली. मात्र त्या पैशातून इमारत उभी करता येई, नोकरवर्ग नेमता येई, पण पुस्तके विकत घेता येत नसत. ती दानशूर मंडळींनी द्यावीत, अशी कायदा करणाऱ्यांची अपेक्षा होती. १८५५ साली ही चूक दुरुस्त झाली, कराची मर्यादा एक पेनीपर्यंत वाढली आणि पुस्तकांचा खर्चही मान्य झाला. म्हणजे मधली पाच वर्षे तिथल्या ग्रंथालयात भिंत हक्काची होती आणि पुस्तक उपरे होते. आज ग्रंथालयात चित्र लावण्याची परवानगी मागताना ज्या चित्रकाराला आपण पुस्तकांच्या घरात घुसखोरी करत आहोत असा संकोच वाटतो, त्याने हा इतिहास ध्यानात ठेवायला हरकत नाही.

ग्रंथालयातल्या प्रदर्शनाचे खरे वेगळेपण त्याच्या प्रेक्षकात आहे. कलादालनात येणारा माणूस चित्रे पाहायची म्हणून घरून निघालेला असतो आणि पाहिल्यावर काहीतरी वाटलेच पाहिजे, अशी एक जबाबदारी तो खांद्यावर घेऊन आलेला असतो. ग्रंथालयात येणारा माणूस मुदत उलटून गेलेले पुस्तक परत करायला आलेला असतो. त्याला चित्रांची अपेक्षाही नसते आणि भीतीही नसते. रांगेत त्याचा क्रमांक यायला वेळ असतो, समोर एक चित्र असते, आणि दुसरीकडे पाहायला काही नसते, म्हणून तो ते पाहतो. चित्रकाराला असा निर्हेतुक प्रेक्षक एरवी कुठून मिळणार?

पाहण्याचे गणित मांडले तरी ग्रंथालयाची बाजू फारशी लंगडी ठरणार नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात हे मोजणारा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. जगप्रसिद्ध चित्रांसमोरही माणसे सरासरी सत्तावीस सेकंदच थांबली होती, आणि निम्म्या लोकांनी तर सतरा सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ दिला होता. ग्रंथालयात कोणी घड्याळ घेऊन बसत नाही, आणि बसलेच तर एका वेळचा आकडा याहूनही लहान निघेल, हे मला मान्य आहे. पण परीक्षेच्या अभ्यासासाठी महिनाभर रोज त्याच खुर्चीवर बसणारी विद्यार्थिनी पुस्तकातून मान वर काढते, तेव्हा प्रत्येक वेळी तिच्या समोर तेच एक चित्र येते. ती ते पाहत आहे, हे तिच्या गावीही नसते. तरीही महिन्याच्या शेवटी ते चित्र उतरवले की भिंतीवरचे काहीतरी नाहीसे झाले आहे, हे तिला लगेच कळते. असे तुकड्यातुकड्यांनी, अर्धे लक्ष दुसरीकडे ठेवून झालेले पाहणे मला सत्तावीस सेकंदांच्या दर्शनापेक्षा कमी दर्जाचे वाटत नाही.

चित्रकार त्याच गावातला असला की या पाहण्याला आणखी एक धार येते, कारण प्रेक्षकाला चित्राचा विषय चित्रकाराइतकाच, कधीकधी त्याच्याहून अधिक ठाऊक असतो. नदीवरच्या जुन्या पुलाचे जलरंगातले चित्र परगावच्या रसिकाला प्रकाशाच्या आणि रंगसंगतीच्या गुणांवरून आवडेल. पण त्या पुलावरून आयुष्यभर ये-जा केलेला, रोज सकाळी वृत्तपत्रे वाचायला येणारा गृहस्थ आधी कमानी मोजतो. पुलाला पाच कमानी आणि चित्रात चारच, हे त्याच्या लक्षात आले की तो अभिप्रायाच्या वहीत तशी स्पष्ट नोंद करतो आणि खाली पूर्ण सही ठोकतो. त्याच वहीत वरच्या पानावर कोणीतरी ‘अप्रतिम’ लिहिलेले असते, आणि खाली एखाद्या मुलाने पुलाखालून जाणारा मासा काढलेला असतो. एक कमान रचनेच्या सोयीसाठी वगळली, हे चित्रकाराचे उत्तर कलेच्या दृष्टीने बिनतोड असेलही, पण पूल ज्यांचा आहे त्यांना ते पटवून देण्याची वेळ त्याच्यावर येते, आणि मला वाटते ती यावीच. समीक्षकाच्या मौनापेक्षा कमानींचा हिशेब मागणारा शेजारी अधिक उपयोगाचा असतो, कारण त्याने निदान चित्र निरखून पाहिलेले असते.

या सगळ्या आनंदात एक अडचण मात्र खरीखुरी आहे, आणि ती प्रकाशाची आहे. वाचनाच्या टेबलावर साधारण पाचशे लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड असावा, असे प्रकाशयोजनेचे संकेत सांगतात. उलट जलरंगातली आणि कागदावरची चित्रे पन्नास लक्सपेक्षा अधिक प्रकाशात ठेवू नयेत, आणि तैलचित्रांना फार तर दोनशेपर्यंत चालेल, असा संग्रहालयांचा प्रघात आहे. म्हणजे वाचकाच्या डोळ्यांना जे मानवते ते जलरंगाला दहापट जड जाते. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि ती भरून निघत नाही. नाजूक रंगद्रव्ये, विशेषतः काही गुलाबी आणि जांभळ्या छटा, उन्हात विसरून राहिलेल्या कापडासारख्या गुपचूप विटतात. दक्षिणेच्या खिडकीसमोर वर्षभर टांगलेले जलरंगचित्र उतरवून चौकटीच्या पट्टीखाली झाकली गेलेली कड पाहिली, की मूळचा रंग काय होता हे समजून वाईट वाटते. म्हणून जाणते ग्रंथपाल मुदतीचे प्रदर्शन भरवतात, जलरंग आतल्या भिंतीवर आणि तैलरंग किंवा अ‍ॅक्रिलिक खिडकीजवळ अशी वाटणी करतात, आणि खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोतासमोर काहीच लावत नाहीत. चोरीचा किंवा धक्का लागून काच फुटण्याचा धोका असतोच. बहुतेक ठिकाणी चित्रकाराकडून तो स्वतःच्या जबाबदारीवर चित्रे ठेवत आहे असे लिहून घेतात, आणि तो ते न वाचताच सही करतो.

चित्रे निवडायची कोणी, हा याहून नाजूक प्रश्न आहे. ग्रंथपालाला पुस्तके निवडण्याचे शिक्षण मिळालेले असते, चित्रे निवडण्याचे नसते, आणि अर्ज करणारा प्रत्येक जण त्याच्याच ग्रंथालयाचा सभासद असतो. अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेने १९३९ साली प्रथम स्वीकारलेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या ग्रंथालय-हक्कांच्या जाहीरनाम्यात यासाठी एक कलम आहे: जे ग्रंथालय आपली प्रदर्शनाची जागा लोकांना देते, त्याने ती मागणाऱ्याची मते किंवा त्याचा गट न पाहता समन्यायाने द्यावी. वाचताना हे फार सोपे वाटते. प्रत्यक्षात बालविभागाच्या वाटेवर कोणी नग्न मानवाकृतीचा अभ्यास टांगला, की दुसऱ्याच दिवशी तक्रार येते, आणि ज्या ग्रंथालयाच्या कपाटात कलेतिहासाच्या ग्रंथांतून तशाच शेकडो आकृती मिटून ठेवलेल्या आहेत, त्याच्याच भिंतीला संकोच वाटू लागतो. पुस्तक आपण उघडल्याशिवाय काही दाखवत नाही आणि चित्र विचारल्याशिवाय दाखवते, हा फरक तक्रार करणाऱ्याच्या बाजूने मान्य करायला हवा. तरीही अशा वेळी चित्र काढून टाकणाऱ्यापेक्षा ते वरच्या मजल्यावर संदर्भ विभागात हलवणारा ग्रंथपाल मला अधिक शहाणा वाटतो. पण तक्रार मुळात राजकीय चित्राबद्दल असेल, तर हा शहाणपणा फारसा कामाला येत नाही.

भिंत दिल्याने काय घडू शकते याचे एक उदाहरण मला फार मोठे वाटते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १३५व्या रस्त्यावर सार्वजनिक ग्रंथालयाची एक शाखा होती. शहरातली मान्यवर कलादालने कृष्णवर्णीय कलावंतांना क्वचितच दार उघडत, अशा काळात, १९२१ साली, या शाखेने त्यांच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरवले. पुढे याच शाखेसाठी ऑगस्टा सॅव्हेज या तरुण शिल्पकार स्त्रीने कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांचा अर्धपुतळा घडवला, आणि १९३४ साली चित्रकार आरन डग्लस यांनी आपल्या समाजाच्या इतिहासावरची चार भव्य भित्तिचित्रे तिथल्या वाचनालयासाठी रंगवली. त्याच वस्तीत वाढलेला जेकब लॉरेन्स नावाचा एक मुलगा या ग्रंथालयात बसून वाचत असे. हैतीच्या स्वातंत्र्यलढ्याचा नायक तूसाँ लूव्हर्त्यूर याच्यावरची एकेचाळीस चित्रांची मालिका त्याने १९३८ साली, विशीत असताना, पूर्ण केली. आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे झालेल्या कृष्णवर्णीयांच्या महास्थलांतरावरची साठ चित्रे १९४१ साली, तीही याच ग्रंथालयातल्या वाचनाच्या आधारावर. या मालिकांत प्रत्येक चित्राखाली एक छोटे वाक्य आहे. चित्र पाहावे आणि वाक्य वाचावे, की वाक्य वाचून चित्र पाहावे, हे ठरवता येत नाही. कपाट आणि भिंत एकाच खोलीत असलेल्या ठिकाणी ज्याची दृष्टी घडली, त्याच्याच हातून असे काम व्हावे हे मला स्वाभाविक वाटते. ती शाखा आज शॉम्बर्ग संशोधन केंद्र म्हणून ओळखली जाते.

अर्थात प्रत्येक ग्रंथालयाच्या जिन्यात एक जेकब लॉरेन्स लपलेला असतो, असे म्हणण्यात काही अर्थ नाही. बहुतेक प्रदर्शने मध्यम प्रतीची असतात. सूर्यास्त जरा जास्त लाल असतात, मांजरांचे डोळे जरा जास्त हिरवे असतात, आणि छायाचित्रावरून केलेली व्यक्तिचित्रे छायाचित्रासारखीच चपटी दिसतात. पण ज्या कपाटांच्या वर ती टांगलेली असतात, त्या कपाटांतली तरी सगळी पुस्तके कुठे थोर असतात? मध्यम प्रतीच्या कादंबऱ्यांना आपण निमूटपणे जागा देतो, त्या वाचल्याही जातात, आणि त्यांच्यामुळे ग्रंथालयाची प्रतिष्ठा गेली असे कोणी म्हणत नाही. चित्रांच्या बाबतीतच आपण एवढे कडक का व्हावे, हे मला कळत नाही. मला खटकते ते वेगळेच: उद्घाटनाचा समारंभ. फीत, पुष्पगुच्छ, आणि ‘शांतता राखा’च्या पाटीखाली ध्वनिवर्धकावरून चाललेली लांबलचक भाषणे यांत चित्रांकडे पाठ करून सगळे उभे राहतात, आणि वाचकाची त्या दिवसाची सकाळ वाया जाते.

त्याऐवजी तोच उत्साह चित्रे घरोघरी पोहोचवण्यात खर्च व्हावा. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये पुस्तकांसारखी चित्रेही घरी न्यायला देणाऱ्या संस्था कित्येक वर्षे चालू आहेत, त्यांतल्या काही थेट सार्वजनिक ग्रंथालयांतच आहेत. बर्लिनमधील एका कलासंस्थेचा असा विभाग तर १९७० सालापासून मूळ चित्रे लोकांना घरी नेण्यासाठी देत आला आहे. पुस्तक नेतो तसे चौकटीतले चित्र कार्डावर नोंदवून न्यायचे, काही महिने आपल्या भिंतीवर लावायचे आणि मुदत संपली की परत आणून दुसरे न्यायचे, अशी ही साधी व्यवस्था आहे. स्थानिक चित्रकारांच्या चित्रांनी तिची सुरुवात करणे कोणत्याही लहान ग्रंथालयाला जमण्यासारखे आहे: प्रदर्शन संपल्यावर चित्रकाराने एखादे चित्र तिथेच ठेवावे, आणि ग्रंथपालाने त्याला क्रमांक देऊन नोंदवहीत चढवावे. न वाचलेले पुस्तक आपण बिनदिक्कत मुदतीच्या आधी परत करतो. आवडलेले चित्र परत करताना मात्र पुलाच्या कमानी मोजणारे गृहस्थसुद्धा मुदतवाढ मागतील, आणि नियमाप्रमाणे ती देता येत नाही, कारण पुढच्या सभासदाने नाव नोंदवलेले आहे, असे त्यांना देवघेवीच्या टेबलावरून सांगावे लागेल.