शून्य बाइटचा बॅकअप: क्रॉन, जीपीजी आणि माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. ऑफिसात एक उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर आहे. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, डिझाईन फाइली, निर्यातीची कागदपत्रं आणि टॅलीचा डेटा सगळा त्यावरच. रात्री एक वाजता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा प्रोग्राम, एक शेल स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) चालवतो. ती हे फोल्डर टार कमांडने एकत्र बांधते, जीपीजी या प्रोग्रामने एन्क्रिप्ट करते, म्हणजे कुलूपबंद करते, आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवते. एन्क्रिप्शन हवंच, कारण दर शनिवारी डिस्क बदलून एक मालकांच्या घरी जाते. डिझाईन बाहेर गेलं तर पुढच्या सीझनला ते दुसऱ्याच्या मागावर दिसतं, हे इथल्या कुठल्याही कारखानदाराला सांगावं लागत नाही.

स्क्रिप्ट माझ्या आधीच्या मुलाने लिहिलेली. तो पुण्याला गेला, स्क्रिप्ट राहिली. ती सुधारायला घेतली तेव्हा एका संध्याकाळचं काम वाटलं होतं. बाकीचं खरोखरच एका संध्याकाळी झालं, पण क्रॉनने जो छळ केला त्याचा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या कुणाच्या रात्री त्यात जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

झालं असं, की एका जुन्या गिऱ्हाईकाला आधीच्या ऑर्डरमधली किनार पुन्हा हवी होती आणि ती फाइल कुणीतरी दुसऱ्या डिझाईनने पुसून सेव्ह केली होती. बॅकअपची डिस्क उघडली. रोजची फाइल हजर, नाव बरोबर, तारीख बरोबर आणि आकार शून्य. सगळ्याच शून्य. आमचे दिवाणजी काका म्हणाले, "अहो, मी रोज सकाळी बघतो की! फाईल पडायलीय बरोबर." काका खरंच बोलत होते, फाइल रोज पडत होती. ती किनार डिझायनरच्या पेन ड्राइव्हवर सापडली म्हणून ऑर्डर वाचली.

फाइल पडते आणि रिकामी असते, याचं कारण साधं आहे. जीपीजीचं आउटपुट शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) 'पेक्षा मोठं' या चिन्हाने फाइलीत वळवलं असेल, तर शेल आधी ती फाइल रिकामी तयार करतो आणि मग जीपीजीला हाक मारतो. जीपीजी दारातच पडला तरी फाइल जन्माला आलेली असते. त्यात स्क्रिप्टच्या शेवटी एक फाइंडची ओळ होती, १५ दिवसांपेक्षा जुनं सगळं उडवणारी. म्हणजे नवे बॅकअप रिकामे पडत होते आणि जुने चांगले रोज एकेक करून पुसले जात होते. ही ओळ वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तुमच्या स्क्रिप्टमध्ये अशी ओळ असेल तर हे पुढचं वाचायच्या आधी ती बंद करून या.

आता मुख्य दुखणं. हाताने चालवली की स्क्रिप्ट व्यवस्थित चालायची. टर्मिनलवर पासवर्डची चौकट यायची, पासवर्ड टाकला की भरलेली फाइल तयार. रात्री मात्र शून्य. का, ते कळायला मार्ग नाही, कारण क्रॉन काही बोलतच नव्हता. क्रॉनचा नियम असा, की कामातून जे काही छापलं जाईल ते तो मेलने पाठवतो. सर्व्हरवर मेल पाठवणारं सॉफ्टवेअर नसेल तर तो ते फेकून देतो आणि सिस्टिमच्या लॉगमध्ये एवढंच लिहितो: 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट'. ही ओळ आमच्या लॉगमध्ये रोज रात्री एकच्या ठोक्याला होती. चूक काय झाली ते स्पष्ट सांगणारा संदेश रोज तयार होत होता आणि रोज कचऱ्यात जात होता.

मग मी क्रॉनटॅबमधल्या (क्रॉनच्या कामांच्या यादीतल्या) ओळीच्या शेवटी आउटपुट एका लॉग फाइलीत वळवलं आणि रोजचा लॉग वेगळा राहावा म्हणून नावात डेट कमांडने तारीख घातली. सकाळी बघतो तर लॉगही नाही आणि बॅकअपची शून्याची फाइलसुद्धा नाही. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे. पहिल्या टक्क्यापाशी कमांड संपते आणि पुढचा मजकूर तिला इनपुट म्हणून दिला जातो. डेटच्या फॉरमॅटमध्ये टक्का असणारच, त्यामुळे कमांड मधोमध तुटली, कंस बंद झाला नाही, शेलने सिंटॅक्स एररची तक्रार केली आणि ती तक्रारही क्रॉनने फेकून दिली. टक्क्याच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली तर चालतं. माझा सल्ला त्याहून सोपा आहे: क्रॉनटॅबच्या ओळीत काहीही हुशारी करू नका. तिथे फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता ठेवा. लॉगची ओळ स्क्रिप्टच्या आत, अगदी वर, एक्झेक कमांड वापरून लिहा, म्हणजे त्यानंतरचं सगळं आउटपुट आणि एरर लॉगमध्येच जातात.

हे करताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, ती आधी ठाऊक असती तर माझ्या कितीतरी सकाळी वाचल्या असत्या. एक वाजायची वाट बघत बसू नका. क्रॉनची वेळ पाच मिनिटं पुढची लावून समोर बसून बघा. त्याहून बरं म्हणजे एन्व्ह कमांड 'आय' पर्यायासह वापरून कोऱ्या वातावरणात स्क्रिप्ट चालवा, पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी) तेवढा क्रॉनसारखा तोकडा द्या आणि सेटसिड कमांड लावून टर्मिनलपासून तोडा. रात्री जे होतं ते भर दुपारी डोळ्यासमोर होतं.

लॉग मिळाला आणि पहिल्यांदाच जीपीजीचा आवाज ऐकू आला: 'इनॅप्रोप्रिएट आयोक्टल फॉर डिव्हाइस'. यातून सामान्य माणसाला काय कळणार? अर्थ एवढाच, की जीपीजीला पासवर्ड विचारायचाय, त्यासाठी टर्मिनल हवंय आणि क्रॉनकडे टर्मिनल नसतं. पण पासवर्ड तर स्क्रिप्टमध्येच लिहिलेला होता! मग विचारतोय कशाला? इथे धागा लागला: मध्यंतरी आमचा सर्व्हर बदलला होता. जुन्या सर्व्हरवर उबुंटू १६.०४ होतं, त्यात जीपीजी १.४. नव्यावर २०.०४, त्यात जीपीजी २.२. जुना जीपीजी कमांडमध्ये दिलेला पासवर्ड मुकाट्याने घ्यायचा. नव्या जीपीजीचं मॅन पान (कमांडची माहितीपुस्तिका) सांगतं, की २.० पासून त्यासोबत 'बॅच' (मध्ये काही न विचारता चालण्याचा) पर्याय हवा आणि २.१ पासून 'पिनएन्ट्री मोड' हा 'लूपबॅक' ठेवायला हवा. ते नसेल तर तो पासवर्डकडे दुर्लक्ष करून चौकटच उघडतो. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये असूनही हाताने चालवताना चौकट येत असेल, तर तुमचाही आजार हाच आहे.

ते दोन पर्याय घालून तिथेच थांबता आलं असतं. मी थांबलो नाही, आणि याचा मला अभिमान आहे. पासवर्ड कमांडमध्ये लिहिला की काम चालू असताना, चालू कामं दाखवणाऱ्या पीएस कमांडने तो त्याच सर्व्हरवरच्या कुणालाही दिसतो. फाइलीत ठेवून तिची परवानगी ६०० (फक्त मालक खात्यालाच वाचता येईल अशी) केली तरी ज्या मशीनचा बॅकअप, त्याच मशीनवर कुलूप आणि किल्ली शेजारी शेजारी. म्हणून मी पब्लिक कीवर गेलो, यात बंद करायची आणि उघडायची किल्ली वेगळी असते. सर्व्हरवर फक्त पब्लिक की. तिने बंद करता येतं, उघडता येत नाही. रात्री पासवर्ड विचारायचा प्रश्नच मिटला. उघडणारी प्रायव्हेट की दोन पेन ड्राइव्हवर, एक मालकांच्या तिजोरीत, एक बँकेच्या लॉकरमध्ये. तिचा पासफ्रेज, म्हणजे ती वापरायचा पासवर्ड, कागदावर लिहून बंद पाकिटात, पेन ड्राइव्हपासून वेगळ्या जागी. मालकांना हे समजावताना म्हटलं, "मालक, ही हरवली तर मीसुद्धा काही करू शकणार नाही." त्यांनी पाकिटावर स्वतः सही केली.

पण क्रॉनने इथेही सोडलं नाही. की मी माझ्या खात्यात आणली होती आणि क्रॉनचं काम रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या) नावावर होतं, कारण सगळ्यांची फोल्डर त्यालाच वाचता येतात. रूटचा कीरिंग (किल्ल्यांचा जुडगा) वेगळा. लॉग म्हणाला, 'नो पब्लिक की'. रूटमध्ये आणली तर पुढचं गाऱ्हाणं: ही की त्याच माणसाची आहे याची खात्री नाही. हाताने चालवताना इथे हो-नाही विचारतात, बॅच मोडमध्ये थेट नकार. 'ट्रस्ट मॉडेल ऑल्वेज' देऊन हे सुटतं. पण मला सापडलेला सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे 'रेसिपियंट फाइल' हा पर्याय. पब्लिक की एका फाइलीत ठेवायची आणि तिचा पत्ता द्यायचा. कीरिंग लागत नाही, आणि फाइलीतली की जीपीजी पूर्ण विश्वासाची धरतो. दोन्ही कटकटी एका पर्यायात संपल्या.

आणि शेवटची लाथ. टार आणि जीपीजी पाइपने जोडलेले असतात, म्हणजे एकाचं आउटपुट थेट दुसऱ्याला जातं, तेव्हा शेल फक्त शेवटच्या कमांडचा निकाल सांगतो. टार अर्ध्यात मेला तरी जीपीजी मिळेल तेवढं नीट एन्क्रिप्ट करून 'सगळं ठीक' म्हणतो. मागावर आडवा धागा तुटला की माग जागच्या जागी थांबतो, नाहीतर पुढचा सगळा टॉवेल विरळ निघेल. बॅश या शेलमधला पाइपफेल हा पर्याय तशीच खूण देतो: जोडीतली कुठलीही कमांड पडली की निकाल चुकीचा येतो. म्हणून तो घातला. हाताने उत्तम. रात्री: 'इलीगल ऑप्शन, पाइपफेल'. क्रॉनटॅबच्या जुन्या ओळीत स्क्रिप्टच्या आधी एसएच लिहिलेलं होतं. उबुंटूत एसएच म्हणजे बॅश नाही, डॅश हा दुसरा शेल, २००६ पासून. आणि आमच्या सर्व्हरवरच्या डॅशला पाइपफेल माहीत नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश लिहिलं असलं तरी पुढे एसएच लावून चालवलं की ती ओळ नुसती टिप्पणी ठरते. ते दोन अक्षरी एसएच काढलं, स्क्रिप्टला चालवायची परवानगी दिली, आणि त्या रात्री पहिल्यांदा भरलेली फाइल पडली. सकाळी आकार शून्य नाही हे बघून मी दिवाणजी काकांना टेबलावरून उठवून दाखवायला आणलं.

बाकीच्या सुधारणा भराभर सांगतो, त्यांनी काही त्रास दिला नाही.

आउटपुट आधी 'अर्धवट' अशा शेपटीच्या नावाने लिहायचं आणि टार-जीपीजी दोघांचा निकाल बरोबर आला तरच मूव्हने खरं नाव द्यायचं. म्हणजे खऱ्या नावाची फाइल दिसली की ती पूर्णच असणार. मध्येच काही बिघडलं तर ट्रॅप लावून अर्धवट फाइल पुसून टाकायची.

जुने बॅकअप वयावरून पुसू नका. नवा बॅकअप पक्का झाल्यावरच, आणि संख्येवरून: शेवटचे १५ ठेवा, त्याआधीचे काढा. मग महिनाभर बॅकअप पडला नाही तरी जुने जागेवर राहतात.

टारचा निकाल १ आला तर घाबरायचं कारण नाही, बहुधा वाचत असतानाच एखादी फाइल बदलली. रात्री कुणीतरी टॅली उघडं ठेवून गेलेलं असतं. २ आला तर मात्र बॅकअप बाद. पाइपफेल दोघांचा मिळून एकच आकडा देतो, वेगवेगळे हवे असतील तर बॅशचं पाइपस्टेटस वाचा, तेही पाइपच्या लगेच पुढच्या ओळीत दुसऱ्या नावात उतरवून; मध्ये दुसरी कुठलीही कमांड आली की ते बदलतं. टॅलीच्या डेटाचा मी आता टॅलीमधूनच संध्याकाळी वेगळा बॅकअप घ्यायला लावलाय.

डिस्क खरंच जोडलेली आहे का, हे माउंटपॉइंट कमांडने आधी तपासा. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते-येते, सर्व्हर पुन्हा सुरू होतो आणि बाहेरची डिस्क जोडली जात नाही. मग स्क्रिप्ट त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्याच डिस्कवर, बॅकअप ओतत राहते आणि तीच भरून टाकते.

फोल्डरच्या नावांना दुहेरी अवतरणचिन्हं द्या. 'नवीन डिझाईन फायनल' अशी जागा सोडलेली नावं आमच्याकडे पायलीला पन्नास आहेत. शेलचेक नावाचं मोफत साधन अशा जागा ओळ नंबरासकट दाखवतं, स्क्रिप्टला हात लावायच्या आधीच ते चालवा.

मेलवर मी विश्वास ठेवला नाही. स्क्रिप्ट आता शेवटी सगळ्यांच्या शेअर फोल्डरमध्ये एका ओळीची फाइल लिहिते: तारीख, आकार, ठीक किंवा बाद. दिवाणजी काका आता तीच बघतात, आणि आकार कालच्यापेक्षा फार कमी दिसला तर फोन करतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मालक तिजोरीतला पेन ड्राइव्ह आणतात, इंटरनेटला न जोडलेल्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही एक बॅकअप उघडतो आणि काका सांगतील ती एक डिझाईन फाइल बाहेर काढून बघतो. सर्व्हरवर प्रायव्हेट की नसल्यामुळे ही तपासणी तिथे करता येत नाही, ती वेगळ्या मशीनवरच करावी लागते.

एक राहिलंच. स्क्रिप्ट, क्रॉनटॅबची ओळ आणि पब्लिक कीची फाइल या तिन्हींची प्रत एन्क्रिप्ट न करता डिस्कवर बाजूला ठेवा, सोबत बॅकअप उघडायची कमांड मराठीत लिहिलेला एक कागद. सर्व्हर जळाला तर मी गावाला असलो तरी तिजोरीतली की, पाकिटातला पासफ्रेज आणि तो कागद घेऊन दुसऱ्या कुणालाही डेटा बाहेर काढता आला पाहिजे.