कोकण असताना श्रीलंकेला कशाला गेलात?

श्रीलंकेहून परतल्यापासून हा प्रश्न मला निदान वीस-पंचवीस जणांनी विचारला असेल. विचारणाऱ्यांत माझी मोठी जाऊ आहे, इमारतीतील शेजारी आहेत आणि वेंगुर्ल्याला राहणारा माझा सख्खा भाऊही आहे. सर्वांचे म्हणणे थोडक्यात एकच असते: माड, फणस, लाल माती, कौलारू घरे आणि समुद्र हे सगळे तुझ्या माहेरी फुकट दिसते, मग तेच पाहायला विमानाचे तिकीट काढून दुसऱ्या देशात कशाला जायचे? या प्रश्नाला काही अंशी मीच जबाबदार आहे, कारण आम्ही जी छायाचित्रे सर्वांना पाठवली, त्यांतील निम्म्याहून अधिक समुद्राची आणि माडांची होती.

तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. श्रीलंकेत कोकण आहे हे खरे, पण ते त्या बेटाच्या काठावर, आणि तेही नैर्ऋत्येच्या काठावर आहे. आत शिरले की सपाट, कोरडा, तलावांचा प्रदेश लागतो, जो पाहून भंडाऱ्याच्या माणसाला आपल्या झाडीपट्टीची आठवण व्हावी. आणि मधोमध डोंगरांचा असा उंचवटा आहे की त्यातील नुवारा एलिया हे गाव समुद्रसपाटीपासून १८६८ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही दोनशेहून अधिक मीटर उंचावर वसले आहे. हे सारे ज्या बेटावर मावले आहे, ते क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जेमतेम एक पंचमांश आहे.

भंडाऱ्याच्या माणसाचा उल्लेख उगाच केलेला नाही. माझे पती तिकडचे. लग्नाला चौतीस वर्षे झाली, आणि तेवढी वर्षे आमची मे महिन्याची सुट्टी वेंगुर्ल्याला व दिवाळी भंडारा जिल्ह्यातील त्यांच्या गावी, असा करार चालत आला आहे. समुद्राबद्दल यांचे मत असे की तो एकदा पाहिला की पाहिला. तलावाबद्दल माझे मतही फारसे वेगळे नव्हते. बँकेतून निवृत्त झाल्यावर यांनी २०२३च्या फेब्रुवारीत अकरा दिवसांची ही सहल आखली, तेव्हा मी त्यात समुद्र किती दिवस आहे ते मोजले आणि यांनी, हे मला नंतर कळले, तलाव किती आहेत ते मोजले होते.

कोलंबोच्या उत्तरेला असलेल्या विमानतळावर उतरून आम्ही चालकासह गाडी घेतली आणि थेट अनुराधपुराकडे निघालो. त्या काळात तिथे इंधनाचे वाटप आठवड्याच्या कोट्यावर होते. पंपावर प्रत्येक जण मोबाइलवरील क्यूआर कोड दाखवून आपल्या वाट्याचे पेट्रोल घेत असे. आदल्या वर्षीच्या आर्थिक संकटाची तेवढी खूण सोडली, तर आम्हाला कुठे अडचण जाणवली नाही. आमचा चालक तिशीतला होता. पहिल्या तासाभरातच त्याने स्वतःला ‘मल्ली’ म्हणा असे सुचवले. सिंहलीत त्याचा अर्थ धाकटा भाऊ. त्याच्याकडून आकडे शिकताना मजा आली: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट. ही भाषा आपल्याच कुळातली आहे, हे अशा वेळी कुणी सांगावे लागत नाही. तलावाला ते ‘वेव’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या जुन्या ‘वापी’चाच वंशज आहे.

अनुराधपुराच्या आसपास दर शंभर पावलांवर तलाव आहे असे म्हटले, तर ती अतिशयोक्ती फार मोठी होणार नाही. या उत्तर-मध्य भागात पाऊस मुख्यतः हिवाळ्यातील ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पडतो, आणि वर्षाचा बराच काळ कोरडा जातो. म्हणून तेथील राजांनी दोन हजार वर्षांपूर्वीपासून तलाव बांधले, ते एकटेदुकटे न ठेवता उतारावर साखळीसारखे एकाखाली एक बांधले, आणि वरच्या तलावाचे शेतांतून झिरपलेले पाणी खालच्या तलावात पुन्हा धरले. यांचे डोळे इथेच चमकू लागले. भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना लोक आता सरळ ‘मामा तलाव’ म्हणतात. कोहळी समाजाने धानासाठी बांधलेले हे तलाव यांच्या बालपणाचा भाग होते. पाळ, म्हणजे मातीचा बांध, आणि तुडुम, म्हणजे पाळीतून पाणी सोडण्याची सोय, हे शब्द लग्नानंतर पहिल्यांदा मी यांच्याकडूनच ऐकले. महा, म्हणजे तिथल्या हिवाळी पावसाच्या हंगामाचे भात तेव्हा कापणीला आले होते, बांधावर बगळे होते, आणि हे गाडीच्या खिडकीतून म्हणाले, “अगं, हे आमचंच गाव आहे.” मी तेव्हा झोपेत होते, त्यामुळे विरोध केला नाही.

सहलीतील सर्वांत चांगला दिवस कोणता, असे विचाराल तर मी आता कालावेवाचा दिवस सांगेन, जरी त्या दिवशी सकाळी मी कुरकुरत होते. अनुराधपुराहून दंबुल्ल्याकडे जाताना थोडी वाट वाकडी करून हा तलाव लागतो. पाचव्या शतकात धातुसेन राजाने तो बांधला. त्यातून अनुराधपुराकडे पाणी नेणारा सत्त्याऐंशी किलोमीटर लांबीचा कालवा निघतो, त्याला योद एल म्हणतात, आणि त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात उतार मैलाला जेमतेम सहा इंच ठेवलेला आहे. हे वाक्य मी पुस्तकात वाचले असते तर पान उलटले असते. पण यांनी कालव्याच्या काठावर बसवून मला समजावले की उतार अधिक असता तर पाण्याने काठ खाल्ले असते, कमी असता तर गाळ साचला असता, आणि मोजणीची दुर्बीण नसताना हे साधणारा माणूस केवळ डोळ्याने आणि वाहत्या पाण्याने माप घेत असला पाहिजे. पाणी खरोखर इतके शांत होते की ते कोणत्या दिशेला जाते हे पाहण्यासाठी मला एक पान टाकावे लागले.

तेथील बांधांमधली आणखी एक गोष्ट यांना फार आवडली. खोल तलावाचे पाणी बोगद्यातून सोडायचे म्हटले की त्याचा जोर बांध फोडू शकतो. म्हणून बांधातच दगडांनी बांधलेला एक चौकोनी हौद ठेवत, पाणी आधी त्यात येऊन शांत होई व मग पुढे जाई. त्याला बिसोकोटुव म्हणतात, आणि पाण्याचा दाब आवरणारी ही युक्ती सिंहली कारागिरांनी फार प्राचीन काळी काढली, हे एकोणिसाव्या शतकात तिथे काम केलेल्या हेन्री पार्कर या ब्रिटिश पाटबंधारे अभियंत्याने कौतुकाने लिहून ठेवले आहे. बांधाच्या खालच्या अंगाला झाडांचा एक पट्टाही मुद्दाम राखलेला असतो. झिरपणाऱ्या पाण्यातील क्षार ती झाडे अडवतात आणि भाताला चांगले पाणी मिळते.

धातुसेनाची पुढची कथा महावंस या श्रीलंकेच्या प्राचीन बखरीच्या पुढील भागात, म्हणजे चूळवंसात आहे. मुलगा कश्यप याने त्याला कैद केले आणि लपवलेला खजिना मागितला. राजाने त्याच्या माणसांना कालावेवाकाठी नेले, तलावात स्नान केले, ओंजळीत पाणी घेतले आणि माझे धन ते एवढेच, असे सांगितले. त्याला ठार मारून कश्यप राजा झाला आणि भावाच्या भीतीने त्याने ज्या उभ्या कातळावर राजवाडा बांधला, तो म्हणजे सिगिरिया. सगळे पर्यटक सिगिरिया पाहतात आणि कालावेवा सोडून जातात, हे मला फार चुकीचे वाटते, कारण बापाचा तलाव पाहिल्याशिवाय मुलाचा किल्ला नीट कळत नाही.

सिगिरियाला सुमारे बाराशे पायऱ्या आहेत, आणि गांधीलमाश्या चवताळू नयेत म्हणून शांतता राखा, असे फलक वाटेत लावलेले आहेत. मी कातळावर रंगवलेल्या जुन्या चित्रांतील स्त्रियांपुढे रेंगाळले. हे त्यांच्याकडे एक नजर टाकून खाली उतरले, कारण पायथ्याच्या बागेतील पंधराशे वर्षांपूर्वीची कारंजी पावसाळ्यात अजून उडतात असे यांनी वाचले होते. फेब्रुवारीत ती उडत नव्हती. तरीही दगडातील ती छिद्रे पाहत हे अर्धा तास उभे होते. दुसऱ्या दिवशी पोलोन्नरुवाला बाराव्या शतकातील पराक्रमबाहू राजाचा ‘समुद्र’ नावाचा तलाव पाहिला, ज्याच्या एका काठावरून दुसरा काठ धूसर दिसतो. पावसाचा एक थेंबही लोकांच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्रात जाऊ नये, असे या राजाचे धोरण होते म्हणतात.

कँडीबद्दल मी थोडक्यात आटोपते. बुद्धाच्या दाताचे दंतमंदिर पाहिले, गर्दी होती, तळे सुंदर आहे.

कँडीहून एल्लाला आगगाडीने गेलो आणि सामान घेऊन मल्ली रस्त्याने पुढे गेला. ज्या मध्यस्थाकडून आम्ही तिकिटे घेतली होती, त्याने आरक्षित म्हणून दिलेली तिकिटे अनारक्षित निघाली, त्यामुळे पहिले तीन तास आम्ही उभ्याने काढले. त्यातही आमचा फायदा झाला, कारण दाराजवळची जागा मिळाली. मात्र दाराबाहेर लोंबकळून छायाचित्रे काढून घेणारी तरुण मंडळी पाहून माझा जीव खालीवर होत होता. सुपारी, मिरी आणि फणसांच्या परसांतून गाडी वर चढते, मग झाडे संपून चहाचे उतार सुरू होतात. हे उतार पाहायलाच लोक येतात, आणि ते देखणे आहेत यात शंका नाही; परंतु एकाच पिकाची ती कातरलेली हिरवाई तासाभराने मला थकवू लागली. इथे आधी कॉफी होती. १८६७ मध्ये जेम्स टेलरने लूलकंदुरा येथे चहाची लागवड केली, दोनच वर्षांनी कॉफीवर तांबेरा पडू लागला, आणि पुढे डोंगरच्या डोंगर चहाखाली गेले. त्यासाठी इंग्रजांनी दक्षिण भारतातून तमिळ मजूर आणले. त्यांच्या वंशजांना १९४८च्या कायद्याने नागरिकत्व नाकारले गेले आणि हा प्रश्न पूर्णपणे सुटायला २००३ साल उजाडले. डोक्यावरून पट्टा घेऊन पाठीवर टोपली अडकवलेल्या बायकांची छायाचित्रे मी काढली नाहीत.

पट्टिपोला हे या मार्गावरील सर्वांत उंच स्थानक. तिथवर धुके होते, खिडकीची काच पुसूनही काही दिसत नव्हते. बोगदा ओलांडला आणि पलीकडे स्वच्छ ऊन निघाले, जणू दुसऱ्याच ऋतूत आलो. दोन मोसमी वाऱ्यांचे हे बेट आहे, हे तोवर मला नुसते माहीत होते. एल्लाच्या पुढे १९२१ मध्ये पूर्ण झालेला नऊ कमानींचा दगडी पूल आहे. तो पाहावा, पण पहाटे. आणि रावण दिसला का, असे विचारणाऱ्यांसाठी सांगते की नुवारा एलियाजवळचे सीतेचे मंदिर आगगाडीमुळे राहून गेले, एल्लाजवळच्या रावणाच्या नावाच्या धबधब्याला त्या दिवसांत पाणी बेताचेच होते.

त्यानंतर आम्ही खाली समुद्राकडे उतरलो आणि मला माझे माहेर भेटले. गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला, १६४०मध्ये डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीने जिंकला व मोठा केला. त्याच डच कंपनीची वखार १६३७ पासून वेंगुर्ल्यात होती. आमच्या लहानपणी ती म्हणजे भिंतींतून झाडे उगवलेली, साप असतील म्हणून मुलांना जाऊ न देण्याची जागा होती. गॉलच्या जुन्या दरवाजाच्या आतल्या बाजूला १६६९ साल, कंपनीची अक्षरे, दोन सिंह आणि वर एक कोंबडा कोरलेला आहे, आणि आत लोक अजून राहतात, मुले शाळेतून घरी येतात, ओसरीवर कपडे वाळत असतात. २००४च्या सुनामीत याच तटांनी आतले शहर वाचवले. तटावरून सूर्यास्त पाहताना मला सुंदर वाटत होते आणि वखारीच्या आठवणीने थोडा रागही येत होता. यांनी मात्र पहिल्यांदाच समुद्राकडे तोंड करून सलग तासभर काढला.

न्याहारीला इंदिआप्पा मिळत. ते म्हणजे आमचे शिरवाळेच, तांदळाच्या शेवया. फक्त आम्ही ते नारळाच्या गोड रसात खातो आणि ते तिखट कालवणाबरोबर. मासळीत त्यांचा अंबुल तियल हा प्रकार मला घरी करून पाहावासा वाटला. ‘अंबुल’ म्हणजे आंबट. ट्यूनाचे तुकडे मिरी आणि गोरका लावून पार कोरडे होईपर्यंत शिजवतात, ते दिवसचे दिवस टिकतात. गोरका कोकमाच्याच कुळातले फळ, वाळवून काळे केलेले. मी त्याची पुडी वेंगुर्ल्याला नेली. भावाने एक तुकडा चघळून पाहिला आणि म्हणाला, “ही तर आमचीच सोलां. मगे लंकेक कित्याक गेलंस?” त्यानेच रात्री बांगड्याच्या कालवणात ते घातले आणि दुसऱ्या दिवशी उरले आहे का, असे विचारले.

जाफना आणि पूर्व किनारा आमचा राहिला आहे. तिकडे जायचे तर जुलै-ऑगस्ट बरा, कारण आपल्याकडे धो धो पाऊस असतो तेव्हा त्या किनाऱ्यावर ऊन असते.

त्या वर्षीच्या दिवाळीत भंडाऱ्याला गेलो, तेव्हा फराळ होताच हे चुलत दिरांना घेऊन तलावाच्या पाळीवर गेले. मीही मागून गेले. पाळीखालची मोहाची आणि करंजाची झाडे कधी तुटली, कोणी तोडली, यावर दोघांचे एकमत होईना. मग यांनी खिशातून मोजपट्टी काढली, एक टोक दिरांच्या हातात दिले आणि दोघे वाकून तुडुमाची रुंदी मोजू लागले.