आपल्या ओळीत जा

आमच्या उन्हाळी शिबिराच्या नोंदवहीत कित्येक वर्षे नावापुढे दोनच रकाने होते, मुलगा आणि मुलगी, आणि शेवटच्या दिवशी दोन्हींची बेरीज करून आम्ही मोठ्या समाधानाने अहवालात लिहीत असू की शिबिरास मुलींचा प्रतिसाद चांगला होता. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या आमच्या गावी मे महिन्यात शाळेच्या आवारात दहा दिवस हे शिबिर भरते. ऊसतोडीची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात, त्यामुळे सगळी लेकरे एका जागी सापडण्याचा हाच काय तो महिना.

प्रतिसाद चांगला होता हे खरे. पण तो सकाळी सातच्या हजेरीपुरता. आठच्या सुमारास पाण्याचा टँकर आला की मुलींची बाजू हळूहळू रिकामी होई आणि आम्ही मास्तर लोक त्याला बेशिस्त म्हणत असू. एका वर्षी आमच्या सहकारी बाईंनी कुणाला न सांगता दोनदा हजेरी घेतली: सात वाजता एकतीस मुली होत्या, नऊ वाजता बारा. उरलेल्या एकोणीस जणी घागरी आणि कळशा घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्या गेल्यामुळे कबड्डीचा डाव मोडला नव्हता, कारण कबड्डी मुलांचीच चालू होती.

पुढच्या वर्षी आम्ही वेळापत्रक टँकरभोवती बांधले. सकाळी नऊ ते अकरा वर्गात बसून करायच्या गोष्टी, आणि ऊन बेचाळीसच्या पुढे जाते म्हणून मैदानी खेळ संध्याकाळी साडेचार ते सात. एवढ्याने निम्म्याहून अधिक मुली टिकल्या. ज्या तरीही येत नव्हत्या, त्यांच्या कडेवर धाकटे भावंड होते. तोडीवर असताना कोपीजवळ, म्हणजे पाचटाच्या खोपटाजवळ, थांबून तान्हे सांभाळायचे काम ज्या पोरीकडे असते, तेच काम गावी आल्यावरही तिच्याकडेच राहते. आमचा नियम मात्र दहा वर्षांखालील मूल चालणार नाही असा. तो नियम कागदावर मुलामुलींना सारखाच होता. मुलग्यांच्या कडेवर कुणी नसल्यामुळे तो फक्त मुलींनाच लागू पडत होता. आता व्हरांड्यात जुन्या लुगड्याच्या दोन झोळ्या बांधलेल्या असतात आणि त्या हलवण्याची पाळी सर्वांना येते. मोठी पोरे पहिले दोन दिवस लाजतात, तिसऱ्या दिवशी झोळीवरून भांडतात.

२०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. तीच पिढी आज आमच्याकडे स्वयंसेवक म्हणून येते. तेव्हा शिबिरात मुली कमी का, या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या वेळापत्रकाच्याही आधीचे आहे, हे मी कबूल करतो. पण ज्या जन्मल्या, त्यांना टँकरच्या रांगेत उभे करणे आमच्या हातून होत होते.

खो-खोच्या बाबतीत फार बोलावे लागले नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला होता, आणि २०२५च्या जानेवारीत दिल्लीला झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी जिंकला, तेव्हा कर्णधार प्रियंका इंगळे आमच्याच केज तालुक्यातल्या होत्या. त्या वर्षी शिबिरात खांबावर सूर मारून गुडघे सोलून घेणाऱ्यांत मुली अधिक होत्या. मिश्र संघ करताना कुणी तरी म्हणालेच की हे नवीन फॅड आहे. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने मुलामुलींना एकत्र मैदानावर आणले होते, हे त्यांना सांगितले. पटले की नाही ते ठाऊक नाही, पण ते गप्प बसले.

स्वयंपाकघराचे काम मात्र मैदानापेक्षा अवघड निघाले. दुपारच्या पंगतीच्या भाकरी मुलांनीही थापायच्या असे ठरले, तेव्हा सहावीतल्या एका पोराने परातीत पीठ इतके सैल मळले की भाकरी हातावरून तव्यावर न जाता तशीच चुलीत गेली. चौथ्या दिवशी त्याची भाकरी काठापर्यंत गोल झाली, पाण्याचा हात फिरवून त्याने ती उलटली आणि ती टम्म फुगली. नेमके त्याच वेळी त्याचे वडील दारात आले. मी मनातून घाबरलो. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “तिकडं तोडीवर आमची मंडळी पहाटं तीनला उठून ह्येच करती बघा, सर. मला काय येत न्हाई.” पुढे काहीच न बोलता ते पंगतीत बसले.

या सगळ्यात आपण आता बरेच शिकलो असे मला वाटत होते, आणि नेमके तेव्हाच माझ्या हातून चूक झाली. लेझीमसाठी मुले उजवीकडे, मुली डावीकडे अशा ओळी लावत असताना मुलग्यांच्या रकान्यात नाव असलेले बारा वर्षांचे एक लेकरू मुलींच्या ओळीच्या अगदी शेवटी, हातभर अंतर सोडून उभे राहिले. मी शिट्टी वाजवून म्हणालो, “आपल्या ओळीत जा.” ते जागेवरून हलले नाही. मागून कुणी तरी “बायल्या” म्हणाले, सगळे मैदान हसले आणि ते लेकरू लेझीम जमिनीवर नीट ठेवून, धावत नव्हे तर चालत, फाटकातून बाहेर गेले.

दोन दिवस ते आले नाही. मी घरी जाणार होतो, बाईंनी अडवले. मास्तर दारात गेले की गल्लीभर चर्चा होणार आणि त्या लेकराला घरातही उत्तर द्यावे लागणार, हे त्यांच्या लक्षात आले होते, माझ्या नाही. त्यांनी मैत्रिणीच्या हाती एवढाच निरोप धाडला की लेझीमच्या मेळात एक जण कमी पडतो आहे. ते कोण आहे, काय आहे, हे आम्ही त्याला विचारले नाही, आजही विचारलेले नाही. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९च्या कायद्यातले तेरावे कलम शासनमान्य शिक्षणसंस्थांना सांगते की शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणुकीची संधीही भेदभाव न करता द्यावी. ते कलम मी नंतर वाचले. पण या लेकराला कुठलेही नाव चिकटवण्याचा अधिकार ते मला देत नाही, आणि त्याला उभे राहायला जागा हवी होती ती कलम शोधायच्या आधी.

आम्ही ओळी बदलल्या. आधी जन्ममहिन्याप्रमाणे लावून पाहिल्या, तर बरीच मुले जूनच्याच ओळीत आली, कारण वाटेत किंवा फडावर जन्मलेल्या पोरांची तारीख कुणाला आठवत नसली की शाळेत एक जून लिहून मोकळे होतात. मग चिठ्ठ्या टाकून लिंब, बाभूळ, चिंच आणि बोर असे चार गट केले. तिसऱ्या दिवशी ते लेकरू आले आणि बोरांच्या ओळीत उभे राहिले. “बायल्या” म्हणणारा पोरगा त्याच गटात निघाला. त्याला मी बाजूला घेऊन जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण आधी मी स्वतः त्या लेकराची माफी मागितली, तीही चारचौघांत नव्हे, झोळीपाशी. त्याने मान हलवली आणि विचारले, “सर, माझी ती लेझीम कुणाला दिली का?”

स्वच्छतागृहाची किल्ली आता कुणाकडे मागावी लागत नाही, ती खिळ्याला असते. पॅडचा डबाही तिथेच असतो.

मुक्कामाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. शेवटची रात्र मुले शाळेत राहतात, आकाशदर्शन करतात, आणि मुली सातला घरी जातात. आयांची भीती खोटी आहे असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. यंदा दोन आयांनी आणि एका आजींनी स्वतः मुक्कामाला यायचे कबूल केले आहे. मुलींच्या खोलीला आतून कडी नाही. ती याच आठवड्यात बसवून घ्यायची आहे. आणि मुलग्यांच्या खोलीत झोपायचे नसेल त्या लेकरासाठी व्हरांड्यात, आजींच्या बाजेशेजारी, एक गोधडी जास्तीची ठेवायची आहे.