न वाळणारा रंग

भाद्रपदात कासला जलरंग घेऊन जाणं हा शुद्ध अडाणीपणा. मी तो दर वर्षी करतो. यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत ऊन असतं, पठारावर पोचलं की धुकं अंगावर येतं आणि कागद चहात बुडवलेल्या खारीसारखा मऊ पडतो. मागच्या खेपेला तेरड्याचा गुलाबी सोनकीच्या पिवळ्यात उतरला आणि दोघं मिळून आभाळात गेले. वाळायचं नाव नाही. शेवटी गाडीतला हीटर लावून कागद त्याच्यासमोर धरला. बायको म्हणाली, "चित्र काढतोयस की पापड वाळवतोयस?"

अशा वेळी मला एडवर्ड विल्सन आठवतो. कॅप्टन स्कॉटच्या अंटार्क्टिका मोहिमेतला हा डॉक्टर. त्याच्याकडे ब्रशवरचं पाणीच गोठायचं, म्हणून बाहेर नुसती पेन्सिल. हातमोजे काढायचे, चार रेघा ओढायच्या, बोटं बधिर झाली की परत मोज्यात. रेघांच्या मधेच रंगांची नावं लिहून ठेवायची. मग सूर्य चार-चार महिने न उगवणाऱ्या हिवाळ्यात, लाकडी झोपडीतल्या दिव्याखाली बसून त्या नावांवरून रंगवायचं. बर्फ पांढरा, एवढंच आपलं ज्ञान. त्याच्या चित्रांत एरेबस ज्वालामुखीमागचं आभाळ नारिंगी आहे, सावल्या जांभळट.

मोहिमेत हर्बर्ट पाँटिंग कॅमेरा घेऊन होताच. त्याचे काळेपांढरे फोटो अप्रतिम. ते बघून वाटतं, काय जागा आहे! विल्सनची चित्रं बघताना मात्र माझं लक्ष आधी त्याच्या बोटांकडे जातं. 1912 च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचल्यावर तिथं शर्यतीतल्या दुसऱ्या तुकडीच्या, नॉर्वेच्या आमुंडसेनचा तंबू आधीच उभा होता. एवढ्या पायपिटीनंतर दुसरा नंबर! विल्सनने तो तंबूही काढला. परतीच्या वाटेवर स्कॉट, विल्सन धरून ध्रुवावर गेलेले पाचही जण मेले. नोव्हेंबरात त्यांचा शेवटचा तंबू सापडला, त्यात ही रेखाटनं होती. हरलेल्या माणसाने जिंकणाऱ्याचा तंबू नीट निरखून काढावा, हे मला अजून पचत नाही.

यंदा मीही रंग घरी ठेवले. धुक्यात बसून पेन्सिलीने डोंगराच्या कडा काढल्या आणि आत लिहिलं : कोकम सरबत, पाणी जास्त. ओली हळद. शिळं ताक. घरी येऊन कागद फ्रिजवर लावला.

आईने तो वाचला आणि विचारलं, "कोण येणारे रे जेवायला?"