जुलाबाची नोंद कुठेच होत नाही

जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार, हे नाव जानेवारी २०२५ च्या आधी पुण्यात आमच्या धायरीत कुणी ऐकलं पण नसेल. आणि मग पंधरा दिवसांत अशी वेळ आली की भाजीवाल्या मावशींपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे त्यावरच बोलतायत, पाणीपुरी बंद, पनीर बंद, चिकनवर संशय, आणि वीस लिटरच्या जारवर तर सगळ्यात जास्त. सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, हा सगळा पट्टा रोज बातम्यांमध्ये. त्यातली नांदेड-किरकटवाडीसारखी गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, पाणी मात्र बराच काळ कुठून विहिरीचं, कुठून टँकरचं, कुठून खाजगी आरओ प्लांटचं. असो, पाण्यावर लिहायला बसले तर वेगळी पोस्ट होईल.

मला तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात बसलीये. जीबीएस हा तसा साथीचा आजार नाहीच, तो एकाकडून दुसऱ्याला होत नाही. आधी पोट बिघडतं किंवा दुसरं काही इन्फेक्शन होतं, ते बरं पण होतं, आणि मग आठवडा, दोन आठवडे, कधी तीन आठवड्यांनी आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते. पायात ताकद राहत नाही, मग हातात, आणि काहींना थेट व्हेंटिलेटर. पुण्यातल्या काही पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. कॅम्पायलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारातल्या एकाला जीबीएस होतो असं मानतात, आणि पुण्यात रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. मग मागे किती लोकांचं पोट बिघडलं असेल, जरा अंदाज करा. सगळ्यांना तोच जिवाणू नसेल, हे धरून पण आकडा हजारोंमध्येच जातो. आणि ते सगळं जीबीएसच्या आधी, एक-दोन आठवडे आधी!

हे हजारो लोक कुठल्या कागदावर आले? कुठल्याच नाही. कारण जुलाब झाले म्हणून आपण दवाखान्यात जातो का हो? मेडिकलवाल्या काकांकडे जायचं, पोट बिघडलंय सांगायचं, काका एक गोळीची पट्टी आणि ओआरएसची दोन पाकिटं देतात, घरी येऊन मऊ भात-ताक, संपलं. सरकारची व्यवस्था आहे, नाही असं नाही. आजारांच्या नोंदीसाठी आयएचआयपी नावाचं पोर्टल आहे, त्यात आशाताई आणि आरोग्यसेविका एस फॉर्म भरतात (लक्षणं दिसली), डॉक्टर पी फॉर्म भरतात (आजाराचा संशय), आणि लॅब एल फॉर्म (तपासणीत पक्कं). डिझाईन मला तरी चांगलं वाटतं. पण त्यात यायला आधी पेशंटला कुणाच्या तरी समोर जायला लागतं, आणि मेडिकलच्या काउंटरला फॉर्मच नाही.

आता इथे ऑनलाईन डेटा कामाला येऊ शकतो असं माझं म्हणणं आहे. दवाखान्यात न गेलेला माणूस फोनवर मात्र काहीतरी करतोच. रात्री दोन वाजता गुगलवर घरगुती उपाय शोधतो, ॲपवरून औषध मागवतो, महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर पाणी गढूळ येतंय म्हणून फोटो टाकतो, सोसायटीच्या ग्रुपवर विचारतो की अजून कुणाला त्रास होतोय का. आमच्या ग्रुपवर बातम्या यायच्या आधी असे मेसेज आले होते, योगायोग पण असेल, आम्ही नेहमीप्रमाणे टाकी साफ करणाऱ्याला शिव्या घातल्या आणि विषय संपला.

माझं रोजचं काम डेटाचंच आहे, खराडीत, लोक कुठलं बटण दाबतात ते बघायचं, त्यामुळे ऑफिसमध्ये हे बोलले की लगेच कुणीतरी म्हणतं, अगं मग मॉडेल बनवून टाक की! तर त्यांच्यासाठी गुगल फ्लू ट्रेंड्सची गोष्ट.

२००८ मध्ये गुगलने अमेरिकेत हा प्रकार सुरू केला. लोक फ्लूबद्दल काय सर्च करतात त्यावरून कुठे किती फ्लू आहे ते सांगायचं. तिकडच्या सीडीसीचे, म्हणजे साथरोगांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, आकडे यायला आठवडा-दोन आठवडे लागायचे, गुगलचं उत्तर जवळजवळ दुसऱ्या दिवशी तयार. कोट्यवधी सर्चमधून त्यांनी ४५ निवडले, २००९ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर आला, सगळे खूश. आणि त्याच वर्षी स्वाईन फ्लू आला, भर उन्हाळ्याच्या तोंडावर, तर त्याची पहिली लाट या मॉडेलला नीट दिसलीच नाही. कारण ते फ्लू जितकं शिकलं होतं तितकंच हिवाळा पण शिकलं होतं. शाळांच्या बास्केटबॉलचे सर्च पण फ्लूशी जुळत होते म्हणे, सीझन एकच ना, ते हाताने काढायला लागले होते! पुढे २०१२-१३ च्या हिवाळ्यात उलटं झालं, सीडीसीच्या दुपटीहून जास्त फ्लू दाखवला. त्याचं एक कारण असं सांगतात की बातम्या बघून धडधाकट लोक पण सर्च करत होते, शिवाय गुगलचं सर्च स्वतःच मधल्या काळात बदललेलं. २०१५ मध्ये बंद केलं.

आपल्याकडे २००९ चा ऑगस्ट आठवतोय ना? स्वाईन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या, मास्क ब्लॅकने. त्या आठवड्यात पुण्याचे सर्च कुणी मोजले असते तर त्याला भीती मोजता आली असती, फ्लू नाही. जीबीएसचं पण तेच. टीव्हीवर आल्यावर ज्याच्या पायाला मुंग्या आल्या त्याने सर्च केलं, मी पण केलं, मांडी घालून बसले होते म्हणून आलेल्या मुंग्या होत्या. म्हणजे कामाचा डेटा बातमीच्या आधीचा, आणि बातमीआधी कुणी बघत नाही, ही खरी गोम आहे.

आणि अजून एक. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या घरी स्मार्टफोन एकच, तो मुलाकडे. सासूबाईंना जुलाब झाले तर सर्च मुलाच्या फोनवरून होणार, म्हणजे डेटात आजारी कोण, तर वीस वर्षांचा मुलगा. आणि मुलाने रील्स बघत बसून सर्च केलंच नाही तर त्या घरात कुणी आजारीच नाही. ज्या चाळीत पाणी सगळ्यात वाईट तिथून डेटा सगळ्यात कमी, हे सॉफ्टवेअरने सुटणार नाही, तिथे आशाताईच लागणार. त्यामुळे मला पाहिजे ते फार भारी काही नाहीच. वॉर्डाप्रमाणे पाण्याच्या तक्रारी, ओआरएसचा खप, लॅबमध्ये आलेले शौचाचे नमुने आणि पाण्यातलं क्लोरीन, एवढं रोज सकाळी एका नकाशावर, नावं नकोत, नुसते आकडे. आणि तो नकाशा बघून कुठे टेस्टिंगला माणूस पाठवायचा हे ठरवणारा एक जबाबदार अधिकारी, ज्याला चार वेळा खोटा अलार्म आला म्हणून कुणी झापणार नाही.

नावं नकोत हे मी मुद्दाम म्हणतेय. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी त्यांच्या बिंग या सर्च इंजिनवरचे जुने सर्च तपासून दाखवलं होतं की स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेल्यांपैकी ५ ते १५ टक्के लोक, निदान व्हायच्या आधीच, त्यांच्या लक्षणांच्या सर्चवरून ओळखता येऊ शकतात, आणि चुकून भलत्याला पकडायचं प्रमाण अगदी कमी. या कॅन्सरमध्ये उशीर म्हणजे काय ते घरात ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, म्हणून वाचून अंगावर काटा आला. पण हेच एखाद्या विमा कंपनीला आधी कळलं तर? आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा कित्येक दिवस सगळं कागदावर चालवायला लागलं होतं. डेटाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, पण माझा विश्वास अजून बसायचाय.

तरी बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, आभा, म्हणजे सरकारी हेल्थ आयडी, काढलं. चौदा आकडी नंबर, ओपीडीत क्यूआर स्कॅन केला की केसपेपरच्या लाईनमध्ये नाव-पत्ता परत सांगायला लागत नाही, आणि रेकॉर्ड आपण परवानगी दिल्याशिवाय दुसऱ्या डॉक्टरला दिसत नाही, ती परवानगी किती दिवसांची ते पण आपणच ठरवायचं. कल्पना झकास. प्रत्यक्षात बाबांचे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत, काही व्हॉट्सॲपवर पीडीएफ, आणि पीडीएफ म्हणजे कागदाचा वाकडा काढलेला फोटो, त्यातून आकडा काय निघणार? शेवटी मीच एका रविवारी बसून सगळे एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे आकडे) एक्सेलमध्ये हाताने टाकले आणि ग्राफ काढून डॉक्टरांकडे नेला. डॉक्टरांनी बघितलं आणि विचारलं, ही रेघ दरवर्षी जूनच्या रिपोर्टमध्येच वर का जाते? मी म्हटलं गोळी बदलली असेल. सासूबाई म्हणाल्या, अहो गोळी कसली, देवगडहून यांच्या भावाची पेटी येते ना. डॉक्टरांनी गोळी तशीच ठेवली, आंबा दिवसाला अर्धा केला, आणि बाबा तेव्हापासून माझ्या एक्सेलवर रागावून आहेत.