तुम्ही विचारलंत म्हणून: कांदा आणि देशाची पत

राज्यशास्त्र शिकवतो म्हटलं की नाशिकमध्ये कुणीतरी विचारतंच, "सर, सिनेमा आणि योगानं जगात देशाचं वजन खरंच वाढतं का हो?"

वाढतं. आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला आणि चाळीसएक वर्षांत रशियातली माणसं राज कपूरची गाणी गुणगुणू लागली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांतल्या योग दिनाच्या ठरावाला १७७ देश सहप्रायोजक होते. धाक न दाखवता, पैसे न चारता दुसऱ्याला आपलंसं करण्याच्या या ताकदीला अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये 'सॉफ्ट पॉवर' म्हटलं.

पण मी निफाड तालुक्यातल्या कांदेवाल्या घरातला. आमच्याकडे हिला पत म्हणतात. शिवारात सौदा ठरल्यावर दुसऱ्या दिवशी भाव चढला, तरी वडील माल त्याच व्यापाऱ्याला घालायचे. पुढच्या हंगामात तो सगळ्यात आधी आमच्या बांधावर हजर!

सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस कांद्याची निर्यात एका दिवसात बंद झाली. पाचसहा दिवसांत बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या. स्वयंपाक्याला कांद्याविना रांधायला सांगितलंय, असं त्या भर कार्यक्रमात म्हणाल्या. सभागृह हसलं. मला ते फार लागलं. बांगलादेशानं म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानातून कांदा मागवला. पुढच्याच सप्टेंबरात पुन्हा बंदी. भरलेले ट्रक सीमेवर अडकले. आमच्या कांदाचाळीत तेव्हा उन्हाळ कांदा होता. वडील रोज सडका कांदा निवडून बाहेर काढायचे.

२०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीत आफ्रिकी देशांच्या संघाला जी-२० मध्ये जागा मिळाली, तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला. अमेरिका-चीनच्या ओढाताणीत लहान देश नवा आधार शोधताहेत, आणि तो आपण व्हावं असं मला वाटतं. तीन महिन्यांनी पुन्हा कांदाबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत राहिली.

शहरात भाव भडकले की सरकारला हात बांधून बसता येत नाही, हे मला मान्य आहे. पण झालेले सौदे तरी पुरे होऊ द्यावेत. हसीनाबाईंनी त्या दिवशी बंदी उठवा असं म्हटलंच नव्हतं. पुढच्या वेळी जरा आधी कळवा, एवढंच त्यांचं मागणं होतं.