मधपेटीची नोंद: यंदा चौकटी घाईनं काढल्या नाहीत

गेल्या हंगामातली शेवटची बाटली परवा उघडली, तर झाकण फस्सकन सुटलं. वर फेस, वास आंबूस. चूक माझीच. पोळ्याच्या चौकटी हाताला जड लागल्या म्हणून निम्म्याही सील झालेल्या नसताना (म्हणजे माश्यांनी घरांवर मेणाची टोपणं लावलेली नसताना) मध काढायच्या यंत्रात फिरवल्या होत्या. अशा मधात पाणी जास्त राहतं आणि तो आंबतो.

म्हणून यंदा मधातलं पाणी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घेतला. पहिल्या पेटीच्या मधुकोठीतली (मध साठवायच्या वरच्या कप्प्यातली) एकच चौकट दोन ठिकाणी तपासली. मेणाची टोपणं लागलेल्या भागातल्या मधात पाणी १८.५ टक्के, शेजारच्या उघड्या घरांतल्या मधात २३. मध्ये अंतर जेमतेम चार बोटं! कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात साधारण मधाला कमाल २० टक्के चालतं. आता चौकट आडवी धरून एक झटका देतो. थेंब उडाले की ती मुकाट्यानं परत पेटीत. मात्र शेवटचं टोपण लागेपर्यंत थांबत नाही. तीन चतुर्थांश सील झाली आणि थेंब उडाला नाही की काढतो.

दुसरी पेटी अशक्त होती, तिला साखरेचा पाक देत होतो. फुलोरा सुरू होताच तो बंद केला आणि मगच मधुकोठी चढवली. नाहीतर माश्या पाकच वर नेऊन भरतात, टोपणंही लावतात, आणि रिफ्रॅक्टोमीटर बिचारा आकडा छान दाखवतो! राणीमाशीनं वर जाऊन अंडी घालू नयेत म्हणून राणीरोधक जाळीही यंदा आठवणीनं बसवली, वरच्या चौकटींत एकही अळी नाही.

धुराबाबत पूर्वी मी भित्रा होतो. डंखाच्या धास्तीनं इतका धूर मारायचो की मधालाही तो वास यायचा. आता दारात दोन फुंकर, मिनिटभर थांबायचं, मग झाकण उचलायचं.

एवढं करून एक घोळ केलाच. गाळलेल्या मधाची बादली रात्रभर उघडी राहिली, बाहेर पावसाची रिपरिप. सकाळी खालचा मध १८.५, वरचा थर २०! मध हवेतलं पाणी ओढतो हे ठाऊक होतं, बादलीत पाहिलं नव्हतं. वरचा थर चमच्यानं काढून वेगळ्या बरणीत ठेवलाय, आधी तीच संपवणार. गरम करून पाणी उडवायचा मोह झाला होता, पण त्यात सुगंध जातो, एन्झाइम्स घटतात आणि एचएमएफ (साखर तापल्यानं तयार होणारं एक रसायन) वाढतं.

दुसऱ्या पेटीतल्या चौकटी अजून अर्ध्याच सील झाल्यात. चार दिवसांनी पुन्हा झटका देऊन बघेन.